सांबर इथलं, काडतूस तिथलं

येऊरच्या जंगलात अंधार पडता पडता कधी कधी 'ढांक' असा एकच दणदणीत आवाज येतो. सांबराला बिबट्याची चाहूल लागलेली असते. शेपटी ताठ करून, पुढचा पाय जमिनीवर आपटत ते सगळ्या रानाला वर्दी देतं. हाच आवाज ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या पूर्वेकडच्या डोंगरांतही येतो. १८६० च्या दशकात व्हिक्टोरियात नेऊन सोडलेली सांबरं तिथे अशी रुजली की आज ती तिथल्या शिकाऱ्यांचं मुख्य जनावर आहेत. तिथल्या सरकारी नियमांत अनेक वर्षं एक ओळ होती: सांबरासाठी किमान .२७० कॅलिबर आणि १३० ग्रेनची गोळी, चितळासाठी किमान .२४३ आणि ८० ग्रेन. चितळही तसंच दूर गेलं. १९३२ साली ते टेक्सासमध्ये पोचलं, आणि आज तिथे त्याच्या शिकारीला बंद हंगामच नाही. शिकारीचा परवाना आणि जमीनमालकाची परवानगी असली की झालं.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा विषय मिटवला, आणि ते फार चांगलं झालं. येऊरच्या सांबरावर हक्क बिबट्याचा. टेक्सासच्या चितळामागे मात्र ना वाघ आहे ना रानकुत्रा, तिथे ते काम माणूस करतो. ठाण्या-नव्या मुंबईत दहा मीटरवर एअर रायफल चालवायला शिकलेलं पोर नोकरीसाठी डॅलसला किंवा मेलबर्नला जातं, ऑफिसातलं कुणी नोव्हेंबरमध्ये शिकारीला बोलावतं, आणि इथल्या रेंजवरच्या जाणत्या माणसाला फोन येतो, "काका, हरणाला कुठलं कॅलिबर?"

या प्रश्नाला आकड्यात उत्तर देता येतं, पण आकड्याआधी एक गोष्ट मनात पक्की हवी. कॅलिबर निवडताना आपण त्या जनावराला मरायला दहा सेकंद लागणार की दहा तास, हे ठरवत असतो. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

आधी नावांचा गुंता सोडवू. कॅलिबर म्हणजे नळीच्या भोकाचा, ढोबळमानाने गोळीचा, व्यास. पण काडतुसाचं नाव हे माप असेलच असं नाही. .२७० विंचेस्टरची गोळी प्रत्यक्षात .२७७ इंचाची असते. .३०८ विंचेस्टर आणि .३०-०६ या दोन्हींत एकच .३०८ इंची, म्हणजे ७.८ मिलिमीटरची गोळी बसते. फरक पुंगळीत, म्हणजे दारू भरलेल्या पितळी नळकांडीत. एकीची ५१ मिलिमीटर लांब, दुसरीची ६३. .३०-०६ मधला ०६ म्हणजे १९०६ साल, तर .३०-३० मधला दुसरा ३० म्हणजे मूळ काडतुसातली ३० ग्रेन दारू. ग्रेन हे वजनाचं माप, एका ग्रॅममध्ये साडेपंधरा ग्रेनच्या आसपास. १५० ग्रेनची गोळी ९.७ ग्रॅमची.

हे नीट समजून घेण्याला कारण आहे. दुकानात काडतूस मागताना नुसतं 'तीनशे' म्हणून चालत नाही. .३०० ब्लॅकआउटचं काडतूस .२२३ च्या रायफलमध्ये शिरू शकतं, आणि बार काढला की बंदूक फुटते. पुंगळीच्या बुडावरचा शिक्का आणि नळीवर कोरलेलं नाव अक्षर न् अक्षर जुळल्याशिवाय काडतूस आत घालू नये.

आता हरीण मरतं कशाने? गोळीच्या धक्क्याने ते कोसळतं ही समजूत सिनेमातली. गोळी दोन्ही फुप्फुसांतून आणि त्यांच्या बुडाशी असलेल्या मोठ्या रक्तवाहिन्यांतून गेली की रक्तदाब उतरतो, मेंदूला रक्त मिळत नाही आणि जनावर काही सेकंदांत शुद्ध हरपतं. तेवढ्या सेकंदांत ते ५० ते १०० मीटर पळू शकतं, अगदी हृदय फुटलेलं असलं तरी. हा फुप्फुसांचा भाग व्हाइट-टेल, म्हणजे अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या मोठ्या नरात २० ते २५ सेंटिमीटरचा, म्हणजे आपल्या पोह्यांच्या डिशएवढा. चितळाच्या मादीत त्याहून लहान. जनावर आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर जायचं, छातीच्या उंचीच्या खालून एक तृतीयांशावर थांबायचं, तिथे नेम. तोंड आपल्याकडे करून तिरकं उभं असेल तर थांबावं. पाठमोरं तिरकं असेल तर पलीकडच्या पुढच्या पायाकडे बघून नेम धरावा, म्हणजे गोळी बरगड्यांतून तिरपी पुढे जाते.

म्हणून पहिला प्रश्न कॅलिबरचा नसून गोळीचा असतो. तांब्याचं पातळ कवच आणि आत शिसं अशी साधी मऊ टोकाची गोळी अंगात शिरताच छत्रीसारखी उमलते, तिचा व्यास दीडपट ते दुप्पट होतो आणि ती रुंद वाट पाडत जाते. लष्करी पद्धतीची, टोकापर्यंत कवच असलेली गोळी उमलत नाही. सुईसारखी आरपार जाते, आणि जनावर जखम घेऊन दूर कुठेतरी मरतं. म्हणून बऱ्याच ठिकाणी ती शिकारीला बेकायदा आहे. सरावाला स्वस्त पडते म्हणून तीच खिशात राहून रानात पोचणं, ही नवख्याची नेहमीची चूक.

उलटी चूक .२४३ मध्ये होते. या काडतुसाला ५५-५८ ग्रेनच्या हलक्या गोळ्याही मिळतात. त्या कोल्ह्या-कुत्र्याएवढ्या जनावरासाठी बनवलेल्या असतात आणि हरणाच्या फऱ्याच्या हाडावर आपटल्या की चुरा होतात. बाहेरून मोठी भयंकर जखम, आत फुप्फुसापर्यंत काहीच पोचलेलं नाही. असं हरीण कित्येक दिवस जगतं. .२४३ ला लोक जो दोष देतात तो खरा या गोळीचा. त्याच काडतुसात ९० ते १०० ग्रेनची, हरणासाठी बनवलेली गोळी घातली की चितळ आणि व्हाइट-टेल दोघांनाही ती पुरते.

अलीकडे सबंध तांब्याच्या गोळ्या आल्या आहेत. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिसं चालतच नाही. शिशाची गोळी फुटताना तिचे बारीक कण जखमेपासून बरेच दूर मांसात पसरतात. ते मांस घरात शिजणार असेल, लहान मुलं खाणार असतील, तर तांबंच घ्यावं. पण तांब्याच्या दोन खोडी आहेत. ते शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि नळीच्या आतल्या पिळाच्या खाचांना ती स्थिर फिरवणं जड जातं. १५० ग्रेनची शिशाची गोळी जिथे वापरली असती तिथे तांब्याची १३० घ्यावी. दुसरी खोड, ते उमलायला वेग लागतो. साधारण सेकंदाला ६०० मीटरच्या खाली गेलं की काही तांब्याच्या गोळ्या मिटलेल्याच राहतात. किमान वेग किती ते गोळी बनवणारा सांगतो. तो आकडा घेऊन आपल्या काडतुसाचा वेग कुठल्या अंतरावर तिथे उतरतो ते तक्त्यात पाहायचं. तीच आपली लक्ष्मणरेषा.

आता खांद्याकडे येऊ. ठाण्याच्या पोराला अडचण येते ती इथेच.

दहा मीटरच्या एअर रायफलचा छर्रा ४.५ मिलिमीटरचा, अर्ध्या ग्रॅमचा, आणि त्याची ऊर्जा साडेसात ज्यूलच्या आसपास. .३०८ च्या १५० ग्रेन गोळीची ऊर्जा नळीच्या तोंडाशी सुमारे ३,५०० ज्यूल. साडेचारशे पटींहून जास्त. स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य जिंकलं ते .२२ च्या काडतुसावर. त्याची ऊर्जाही दीडशे ज्यूलच्या आत, आणि हरणाला ते पुरत नाही. एअर रायफलवर दहाव्या रिंगच्या अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यासाठी कमावलेला श्वास, चाप दाबण्याची सवय, बार झाल्यावरही डोळा न हलवणं, हे सगळं तिथे कामाला येतं. सांगायला अभिमान वाटतो, पण या मुलांचा चापावरचा हात तिथल्या अनेक शिकाऱ्यांपेक्षा सरस असतो. फक्त खांद्याला धक्का माहीत नसतो.

साडेतीन किलोच्या आसपासच्या रायफलमध्ये .२४३ चा मागचा धक्का ढोबळमानाने १२-१३ ज्यूल. ६.५ क्रीडमोर आणि ७ एमएम-०८ चा १६-१७. .३०८ चा २२ च्या घरात, .३०-०६ चा २७, आणि .३०० विंचेस्टर मॅग्नमचा ३७ च्या आसपास. कागदावर हा फरक निरुपद्रवी दिसतो. पण धक्का वीस ज्यूलच्या पुढे गेला की नवख्याचं शरीर दुसऱ्या-तिसऱ्या बारापासून स्वतःला वाचवायला लागतं. चाप दाबायच्या आधी क्षणभर डोळा मिटतो, खांदा पुढे येतो, डावा हात रायफल खाली दाबतो. गोळी खाली जाते. छातीच्या जागी पुढचा पाय मोडतो. तीन पायांचं हरीण किलोमीटरभर पळतं आणि अंधारात सापडत नाही.

हे स्वतःला कळत नाही, म्हणून तपासायची एक रीत आहे. सोबतच्या माणसाने पाठमोरं होऊन रायफल भरायची. कधी खरं काडतूस, कधी खोटं, म्हणजे दारू नसलेलं सरावाचं. आपल्याला ते माहीत नसावं. खोट्या काडतुसावर नुसतं 'टिक' होतं आणि त्याच क्षणी नळीचं टोक खाली झुकलेलं दिसतं. दहा वेळा भरून खोट्यांवर टोक एकदाही हललं नाही, तर ते कॅलिबर आपलं. हललं तर एक पायरी खाली यावं. यात कमीपणा नाही. मॅग्नम घेऊन पोटात मारण्यापेक्षा .२४३ ने फुप्फुसात मारणारा माणूस मला कधीही मोठा शिकारी वाटतो.

मग घ्यावं कुठलं? एकच रायफल घ्यायची असेल आणि जनावर व्हाइट-टेल किंवा चितळ असेल, तर मी ७ एमएम-०८ सांगेन, १४० ग्रेनच्या गोळीसह. १९८० मध्ये .३०८ चीच पुंगळी गळ्याशी आवळून ते बाजारात आलं. .२४३ ही त्याच पुंगळीचं १९५५ चं लेकरू. ७ एमएम-०८ धक्क्याला सौम्य, गोळीला वजनदार. मात्र छोट्या गावातल्या दुकानात त्याची काडतुसं असतीलच असं नाही, आणि हंगामाच्या आदल्या दिवशी काडतूस न मिळणं ही खरी अडचण आहे. म्हणून व्यवहारात ६.५ क्रीडमोर किंवा .३०८. क्रीडमोर २००७ चं, मुळात लांब पल्ल्याच्या निशाणेबाजीसाठी काढलेलं. त्याची १४० ग्रेनच्या घरातली लांबोडी गोळी वाऱ्याला कमी दाद देते. .३०८ सगळीकडे मिळतं आणि वाटेल तेवढ्या प्रकारच्या गोळ्यांत मिळतं. बांधा लहान असेल, खांदा नाजूक असेल, तर .२४३.

.२७० ला १९२५ पासून लोक उगाच धरून बसलेले नाहीत. १३० ग्रेनची गोळी सेकंदाला ९३० मीटरने निघते, आणि उघड्या माळावर अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी ती सांभाळून घेते. दाट झाडीत, जिथे हरीण पन्नास-साठ मीटरवर दिसतं, तिथे १८९५ चं .३०-३० आजही उत्तम. ते बहुधा चापाखालचा दांडा ओढून भरायच्या, जुन्या घडणीच्या लिव्हर रायफलीत येतं. तिची काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक उभी राहतात, म्हणजे एकाची गोळी पुढच्याच्या प्रायमरला, म्हणजे बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टिकलीला, टेकते. टोकदार गोळी घातली तर धक्क्याने ती प्रायमर फोडू शकते. तिथे चपट्या तोंडाची किंवा मऊ रबरी टोकाचीच गोळी घालायची.

सांबराची गोष्ट वेगळी. मोठा नर दोनशे किलोंच्या पुढे जातो, चामडं जाड, हाड दणकट, आणि व्हिक्टोरियातल्या दऱ्यांत ते बऱ्याचदा झाडीतून अर्धंच दिसतं. तिथे .३०८ किंवा .३०-०६, १६५ ते १८० ग्रेन, आणि गोळी अशी की जिचं शिसं कवचाला सांधलेलं आहे, किंवा सबंध तांब्याची. .३०-०६ आणि .३०८ वरून लोक तासन्‌तास भांडतात. १८० ग्रेनच्या गोळीला दोघांत सेकंदाला पंचवीसेक मीटरचा फरक आहे. सांबराला तो कळत नाही. खांद्याला कळतो.

कायदा थोडक्यात, पण नीट. अमेरिकेत विद्यार्थी किंवा नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला बंदूक आणि काडतूस जवळ बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. कुठल्या तरी राज्याचा वैध शिकार परवाना असेल तर त्यातून सूट मिळते. मित्राची रायफल हातात घेण्याआधीच परवाना खिशात हवा. ग्रीन कार्डवाल्याला ही आडकाठी नाही. पुढे राज्याराज्यांत वेगळे नियम. कोलोरॅडोत हरणाला किमान .२४ कॅलिबर, ७० ग्रेन आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पाउंड ऊर्जा लागते. ओहायोसारख्या दाट वस्तीच्या राज्यात गळा आवळलेल्या पुंगळीची काडतुसं हरणाला चालत नाहीत, सरळ पुंगळीचीच लागतात, म्हणून तिथे .३५० लेजंड नावाचं काडतूस दिसतं. वर लिहिलेली सगळी यादी तिथे बाद होते.

रायफल हातात आली की तिचा नेम बसवायला लागतो. सुरुवात २५ यार्डांवरून. यार्ड म्हणजे आपल्या कापडाच्या दुकानातला वार, मीटरपेक्षा थोडा कमी. थेट शंभरावर गेलं की गोळी कागदालाच लागत नाही आणि डबाभर काडतुसं वाया जातात. पंचविसावर मध्यात आणून मग शंभरावर जायचं. रायफलवरच्या दुर्बिणीची चकती फिरवताना होणारा एक खटका नेम बहुधा शंभर यार्डांवर पाव इंच सरकवतो, म्हणून पंचविसावर तेवढ्याच दुरुस्तीला चौपट खटके लागतात. शंभरावर गोळी दोन इंच वर बसवली की .३०८ साधारण २०० यार्डांवर नेमात येते आणि ३०० वर आठ-नऊ इंच खाली जाते. म्हणजे दोनशेपर्यंत सरळ छातीवर नेम धरता येतो, काही मोजावं लागत नाही. नवख्याने त्यापुढे जाऊच नये. डोळा दुर्बिणीपासून नऊ-दहा सेंटिमीटर मागे हवा. एअर रायफलच्या सवयीने गाल पुढे सरकवला की पहिल्याच बाराला भुवई फुटते.

काडतुसाचा डबा बदलला की नेम पुन्हा तपासायचा. वजन तेच असलं तरी दुसऱ्या बनावटीची गोळी त्याच नळीतून दोन-तीन इंच बाजूला जाऊ शकते. आणि तपासायचा तो थंड नळीवर, कारण रानात पहिला बार थंड नळीतूनच सुटणार असतो. साफ करून तेल पुसलेल्या नळीतला पहिला बार अनेकदा भलतीकडे जातो. हंगामाआधी नळी कोरडी करून एक-दोन बार काढून ठेवावेत.

शेवटी कागदाच्या डिशा घ्या, पोह्यांच्या मापाच्या, आणि रेंजवरचा टेकायचा बाक सोडून द्या. बसून गुडघ्यावर कोपर टेकून, झाडाच्या बुंध्याला टेकून, उभ्याने काठीच्या आधाराने, जसं रानात होणार तसं. पाचपैकी पाच गोळ्या ज्या अंतरावर डिशमध्ये पडतात ते आपलं अंतर. पाचातली एक बाहेर गेली की पुढे सरका. कुणाचं ते ८० यार्ड भरतं, कुणाचं १५०. कॅलिबरच्या तक्त्यात ४०० लिहिलेलं असलं तरी आपलं अंतर डिशने सांगितलेलंच.

आणि बार झाल्यावर जागेवरून उठायचं नाही. दुसरं काडतूस भरायचं, हरीण कुठे उभं होतं आणि कुठल्या झाडापाशी दिसेनासं झालं ते डोळ्यांनी पक्कं करायचं. अर्ध्या तासाने उभं होतं त्या जागी जाऊन वाकून बघायचं. फिकट गुलाबी, फेसाळ रक्त असेल तर फुप्फुसं. हरीण जवळच पडलेलं असतं. गडद, काळपट लाल असेल तर यकृत. तीन-चार तास थांबायचं. रक्त थोडं, त्यात हिरवट चोथा आणि आंबूस वास असेल तर पोट. तेव्हा आठ ते बारा तास मागे लागायचं नाही. लागलं की ते उठतं आणि उरल्या बळाने मैलभर जातं, न लागलं तर शंभर-दोनशे मीटरवर बसून राहतं. रात्र तिथेच काढावी लागली तर काढायची, आणि उजाडल्यावर पानापानावरचा थेंब बघत त्याच्यापर्यंत जायचं.